डग्ग्याची घरघर

वडिलांच्या तबलावादनाची एकच ध्वनिफीत आमच्यापाशी उरली आहे. तीत डग्ग्याचा घुमारा आला की सबवूफर घरघरू लागे. ‘फीतच जुनी’, असा निकाल दुकानदाराने देऊन टाकला होता (दुकानदारांना निकालाची घाई फार!). आम्हां भावंडांना तो पटवून घेणे जड गेले. अखंड गुणगुण असती, तर ५० हर्ट्झच्या विजेवर संशय घेता आला असता. ही घरघर घुमाऱ्यासोबत येई, त्याच्यासोबतच विरे. आवाज कमी केला, वायर बदलली, दुसरी सीडी लावली, तरी तेच. मग वीज बंद करून स्पीकरचा शंकू बोटांनी हलकेच, सारख्या दाबाने आत ढकलला. खरखर ऐकू आली. तारेचे वेटोळे चुंबकाच्या फटीत घासत होते. फीत हेडफोनवर ऐकण्याचे धैर्य आम्हांला त्यानंतरच झाले. डग्गा स्वच्छ घुमत होता.