निरगाठ

तू आहेस. तुला वाचणारं बोट तेवढं गेलं.

रहिमतपुरातलं धाब्याचं घर. माजघरातली खुंटी. तिला अंबाडीच्या सुतळीचा हातभर तुकडा, चुलीच्या धुरानं काळवंडलेला, मधेमधे गाठी. पाहुण्याला वाटावं, कुणी टांगून विसरून गेलंय.

तू आजीची वही होतीस.

तिला अक्षर येत नव्हतं. मापटंभर जोंधळे शेजारी उसने गेले, की ती तुला एक गाठ मारायची. सुरगाठ. जोंधळे परत आले की टोक ओढायची. गाठ होती याची खूणही मागे राहायची नाही. देणारीच्या मनात नाही, घेणारीच्या मनात नाही, सुतळीतही नाही. इतकं स्वच्छ फिटणं मी पुढे कुठल्याच हिशोबात पाहिलं नाही.

आणि काही निरगाठी.

त्यांना तिनं कधी हात लावला नाही. त्या कुणाच्या, कशाच्या, मी विचारलं नाही. लहान होतो. मग मोठा झालो. मग शहरात होतो. मग ती नव्हती.

काय काय बांधलं होतं तिनं! गौरी जायच्या दिवशी, मूळ नक्षत्रावर, हळदीत पिवळ्या केलेल्या सोळा पदरी सुताला झेंडूचं फूल, काशीफळाचं फूल, खारीक-खोबरं गुंतवत पाडलेल्या 16 गाठी. अनंत चतुर्दशीला आजोबांच्या दंडावर चढणारा 14 गाठींचा रेशमी दोरा, आणि त्याच वेळी उतरणारा गेल्या वर्षीचा, घामानं विटलेला, तरी देवासारखा ताम्हनात ठेवलेला. पदराच्या टोकाला बाजारासाठी बांधलेले चार आणे, आठ आणे. रानातून आणलेलं बी, जुन्या लुगड्याच्या चिंधीत गाठोडी करून उतरंडीत लपवलेलं. आणि या सगळ्या गाठींच्या मधोमध तू, एकटी, ना पूजेची ना पैशाची, जिच्यात आमच्या घरातून बाहेर गेलेलं आणि न परतलेलं सगळं मुक्यानं अडकून राहिलं होतं, आणि आम्ही नातवंडं तुझ्याखाली बसून कंदिलाच्या उजेडात मोठमोठ्यानं धडे वाचत होतो.

मनाशी खूणगाठ बांधली, असं अजून म्हणतो मी. बोलता बोलता.
हातात दोरा नसतो.

अनंताच्या कहाणीत कौंडिण्यानं दोरा तोडून आगीत टाकला, तेव्हा त्याच्या बायकोनं, शीलेनं, तो उचलून दुधात भिजवला. कहाणीत जळक्या दोऱ्यालाही दूध मिळतं. तुला मी काय घालू?

फार लांब, पेरूच्या डोंगरात, तुझी थोरली बहीण राहते. खिपू म्हणतात तिला. एका जाड दोरीवरून सोडलेल्या रंगीत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर गाठींचे आकडे. 1912 साली लेलँड लॉक यांनी त्या गाठींतलं एकं-दहं-शतं उलगडून दाखवलं. शून्याला तिथे गाठ नाही. शून्याच्या जागी नुसती दोरी, मोकळी सोडलेली.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पेरूतल्या रापास गावात, सुमारे 4,000 मीटर उंचीवर, एका जुन्या घरात लोकरीच्या खिपू आडव्या दांडीवर टांगलेल्या आहेत. तुपिकोचा गावात जानेवारीच्या सभेत नव्या कारभाऱ्यांच्या अंगावर खिपू पट्ट्यासारखी चढवतात. तिच्यात काय लिहिलंय, आता कुणालाच वाचता येत नाही. तरी हात जपून उचलतात, खांदे जपून झेलतात. कुणी म्हणत नाही, ही दोरी मुकी झाली, टाकून द्या.

मीही तुला टाकलेलं नाही.

पण जपणं आणि वाचणं. मधे केवढं आवार पडलंय, ओसाड.

संध्याकाळ होते. माळवदाच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा आत येतो आणि भिंतीवरून तुझ्याकडे सरकतो. दूर रुळांवरून मिरजेकडची गाडी जाते. मग ती गेल्यानंतरची शांतता. ऊन पहिल्या निरगाठीवर येतं. दुसरीवर. धुळीचे कण गाठीभोवती फिरतात, दार शोधल्यासारखे.

तुझ्या टोकाला वीतभर सुतळी मोकळी आहे. लहानपणी मला वाटायचं, पुढच्या गाठींसाठी राखलेली जागा.

ऊन तिच्यावर थोडा वेळ राहतं. मग नसतं.

मी दिवा लावत नाही. अंगठ्यानं चाचपत खाली येतो. एक. दोन. तीन. मग नुसती दोरी.