खड्याची जन्मतारीख

पित्ताशयाचं दुखणं पुष्कळदा रात्रीचं येतं. जेवण होऊन तास-दोन तास झालेले असतात, खोलीतले बाकीचे झोपलेले असतात, आणि उजव्या बरगडीखाली कळ धरते. ती वाढत वाढत पाठीत शिरते, उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत पोचते. कुशीवर वळून बरं वाटत नाही, उठून बसून बरं वाटत नाही. ओकारी होते, घामाने बनियन भिजतं, आणि पहाटेच्या सुमाराला कळ आपसूक उतरते. दुबईत सोनापूरच्या कामगार वस्तीत असो की शारजात आठ जणांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत, सकाळी त्या माणसाला ड्यूटी असते. ॲसिडिटी झाली असेल म्हणून तो गोळी घेतो आणि कंपनीच्या बसमध्ये चढतो. असं तीन-चारदा झालं की सोनोग्राफी होते, खडे दिसतात, डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. आणि तो म्हणतो, ‘‘सुट्टीत गावी गेलो की करून टाकतो.’’ रत्नागिरी-रायगडातल्या ज्या घरांतून दोन-तीन पिढ्या आखातात गेल्या, तिथे हे वाक्य शहाणपणाचं मानलं जातं. मला ते ऐकून वाईट वाटतं. त्या शहाणपणाच्या आड एका देशाचा खर्च दुसऱ्या देशातल्या घरावर ढकलला जातो. माणसाचे कष्ट जिथे वापरले जातात, तिथेच त्याच्या दुखण्याचा खर्च भागला पाहिजे असं माझं म्हणणं आहे. आणि तो तिथे भागू नये यासाठी सगळ्यात सहज हाताशी येणारी सबब म्हणजे विम्याच्या कागदातलं ‘पूर्वीपासूनचा आजार’ हे कलम.

हे कलम पित्ताच्या खड्याला लावताना नेमकं काय होतं, ते समजायला पोटात जरा डोकवावं लागेल. यकृत दिवसाकाठी पाऊण-एक लिटर पित्त तयार करतं. त्यातलं काही यकृताखालच्या छोट्या पिशवीत साठतं, तिथे त्यातलं पाणी शोषलं जाऊन ते दाट होतं, आणि तेला-तुपाचं जेवण पोटात गेलं की पिशवी आकसून ते आतड्याकडे सोडते. पित्तात कोलेस्टेरॉल जास्त झालं, पिशवी आळसावली, की मिठागरात मीठ धरावं तसे त्याचे कण धरायला लागतात. कणाचा खडा व्हायला वर्षं लागतात. बहुतेकांना तो आयुष्यभर त्रास देत नाही. ज्यांचे खडे मुके आहेत अशा शंभर जणांमागे वर्षाला एखाद-दुसऱ्यालाच ते बोलते होतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर खडा पांढरा चमकतो, त्याच्यामागे काळी सावली पडते, रुग्णाने कूस बदलली की तो घरंगळतो. एवढंच दिसतं. तो चिपळूणच्या पाण्यावर वाढला की दुबईच्या मेसमधल्या जेवणावर, व्हिसाचा शिक्का पडण्याआधी धरला की नंतर, हे जगातला कुठलाही रेडिओलॉजिस्ट सांगू शकत नाही. ज्या वस्तूची जन्मतारीख काढता येत नाही, तिच्या जन्मतारखेवर पैसे द्यायचे की नाही हे ठरवणं मुळातच चुकीचं आहे.

दुबईने २०१३ च्या अकराव्या कायद्याने विमा सक्तीचा केला. कामगाराचा हप्ता मालकाने भरायचा, तो पगारातून कापायचा नाही, अशी त्यात तरतूद आहे. महिना ४,००० दिरहमपेक्षा कमी पगार असणाऱ्यांसाठी वर्षाला दीड लाख दिरहमपर्यंतचं संरक्षण देणारी मूलभूत योजना आली. हे पाऊल मोठं होतं आणि त्याने असंख्य माणसांना आधार दिला. पण त्याच योजनेच्या रचनेत पहिल्यांदा विमा घेणाऱ्याला जुन्या आणि पूर्वीपासूनच्या आजारांसाठी सहा महिने थांबायला सांगितलं होतं. जिवावरचं संकट तेवढं त्यातून वगळलेलं. आता याच्या शेजारी अमिरातीचा कामगार कायदा ठेवून बघा. नोकरीच्या परीक्षेचा काळ सहा महिन्यांपर्यंत असू शकतो आणि त्या काळात आजारपणाची भरपगारी रजा मिळण्याचा हक्क नाही. म्हणजे माणूस नवा असतो, डोक्यावर एजंटचं कर्ज असण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, ओळखीचं माणूस जवळ नसतं, नेमके तेच सहा महिने त्याला दोन्ही बाजूंनी उघडं पाडतात.

आणि मग तो अर्ज. ऑपरेशनच्या मंजुरीसाठी हॉस्पिटल विमा कंपनीकडे कागद पाठवतं, त्यात एक रकाना असतो: लक्षणं कधीपासून? डॉक्टरच्या दृष्टीने हा फार मोलाचा प्रश्न आहे. कळ पहिल्यांदा कधी आली, किती वेळा आली, मध्ये कावीळ झाली होती का, लघवी गडद झाली होती का, यावरून खडा पित्तनलिकेत उतरला असेल का याचा अंदाज बांधता येतो. म्हणून रुग्ण भाबडेपणाने सांगतो, ‘‘दोन वर्षं झाली, अधूनमधून दुखतंय.’’ तेच वाक्य मंजुरीच्या टेबलावर पोचतं तेव्हा त्याचा अर्थ पालटतो. तिथे ते लक्षण राहत नाही, कबुलीजबाब होतं. एकदा एका खोलीत ही गोष्ट कळली की सगळ्या वस्तीत कळते. पुढचा माणूस डॉक्टरला सांगतो, काल रात्रीच दुखलं. डॉक्टरच्या हातात खोटा इतिहास येतो आणि त्या इतिहासावर तो माणसाचं पोट उघडणार असतो. रुग्णाने खरं बोलू नये अशी सोय जो नियम करतो, तो नुसता कंजूष नाही, धोकादायक आहे.

यावर विमा कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं, आणि ते अगदीच पोकळ नाही. प्रतीक्षेचा काळ ठेवला नाही तर लोक दुखणं घेऊनच येतील, ऑपरेशन उरकतील आणि परत जातील. हप्ता भरणाऱ्या बाकीच्यांवर बोजा पडेल. विमा जिथे ऐच्छिक आहे तिथे ही भीती खरी आहे. अमिरातीत मात्र तो सक्तीचा आहे. दुखणाईत आणि धडधाकट दोघंही त्यात येतात. त्यातही येणारी माणसं बहुतेक तरुण, आणि मेडिकल पास झाल्याशिवाय त्यांना कामाचा परवानाच मिळत नाही. छातीचा एक्स-रे होतो, रक्त तपासलं जातं, क्षय नाही ना, एचआयव्ही नाही ना, हे पाहिलं जातं, आणि ‘तंदुरुस्त’ असा कागद मिळतो. त्या तपासणीत पित्ताशय बघितलंच जात नाही. ज्या व्यवस्थेने स्वतः पारखून माणूस कामाला घेतला, तिनेच तो आजारी पडल्यावर ‘हे तुझं आधीचंच’ म्हणावं, हे मला न्यायाचं वाटत नाही. शिवाय याचं उत्तर अमिरातीनेच देऊन टाकलं आहे. १ जानेवारी २०२५ पासून शारजा, अजमानसह उत्तरेकडच्या अमिरातींमध्ये खासगी क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांना आणि घरकामगारांना विमा सक्तीचा झाला. मूलभूत पॉलिसीचा हप्ता वर्षाला ३२० दिरहम. हॉस्पिटलात भरती झाल्यास वीस टक्के वाटा रुग्णाचा, पण एका वेळेला ५०० आणि वर्षाला १,००० दिरहमच्या वर नाही. आणि जुन्या आजारांसाठी प्रतीक्षेचा काळ नाही. सगळ्यात स्वस्त पॉलिसीला जे परवडू शकतं, ते महागड्या पॉलिसीला परवडत नाही असं कोणी म्हणू नये.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा असतो, आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. गावी केलं तर बिघडलं कुठे? कोल्हापुरात, रत्नागिरीत हे ऑपरेशन रोज होतं, खर्च कमी, भाषा आपली, उशाशी आई नाहीतर बायको. आपल्याकडे या शस्त्रक्रियेचा हात चांगला बसलेला आहे, हेही खरं. बर्लिनमध्ये १८८२ साली कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा पित्ताशय काढलं तेव्हा त्यांचा रुग्ण सोळा वर्षं कळा सोसत होता. त्यानंतर शंभर वर्षं हे ऑपरेशन पोटावर वीतभर व्रण ठेवून जात असे. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिक म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून केलं, त्यांच्या व्यवसायबंधूंनी आधी त्यांना नावं ठेवली. आणि १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी ते भारतात आणलं. सरकारी हॉस्पिटलमधल्या गरीब रुग्णाला लवकर कामावर परतता यावं, हे या तंत्राचं खरं मोल आहे असं ते मानत. आज बेंबीपाशी एक आणि वर तीन अशी बोटभर भोकं पाडतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस घरी जातो आणि नातेवाइकांच्या हातात डबीतले खडे येतात. हिरवट, पिवळे, काही शेंगदाण्याएवढे, काही मोहरीसारखे. इतकं सोपं असेल तर सुट्टीपर्यंत थांबायला काय हरकत आहे, असं वाटणं साहजिक आहे.

ज्याला थांबता येतं, ज्याचं दुखणं निवळलेलं आहे आणि ज्याने आपणहून गाव निवडलं आहे, त्याला माझा विरोध नाही. पण निवड म्हणायची तर दुसरा रस्ताही उघडा असावा लागतो. तापासकट कळ आली, पिशवी सुजली, की शल्यविशारद त्याच मुक्कामात, पहिल्या काही दिवसांतच ऑपरेशन करावं म्हणतात. उशीर झाला की पिशवी आजूबाजूला चिकटते, पित्तनलिका नीट वेगळी ओळखता येत नाही, आणि दुर्बिणीचं ऑपरेशन मध्येच सोडून पोट उघडायची पाळी येऊ शकते. खडा घसरून नलिकेच्या तोंडाशी अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंड सुजतं. त्यात माणसं दगावतात. ही सूज सुट्टीचं तिकीट कधीचं आहे ते विचारत नाही. आणि सगळं सुरळीत पार पडलं तरी खर्चाचा हिशेब हॉस्पिटलच्या बिलाशी संपत नाही. अमिरातीच्या कायद्यात परीक्षेचा काळ संपल्यावर वर्षाला ९० दिवसांची आजारपणाची रजा आहे, पहिले १५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी. गावी जाऊन ऑपरेशन करणारा माणूस बहुधा त्या रजेला हात न लावता आपली हक्काची वार्षिक सुट्टी खाटेवर घालवतो. वर्षभर वाट पाहिलेला महिना पातळ भातावर आणि टाके जपण्यात जातो. अंगमेहनत करणाऱ्याने चार-सहा आठवडे जड उचलू नये असं सांगतात. तो महिना पुरा होताच परत सिमेंटच्या गोणीखाली उभा असतो. तिकीट त्याचं, बिल त्याचं, सुट्टी त्याची. मालकाचा एक दिवस बुडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून भारतात येणाऱ्या पैशात अमिरातीचा वाटा १९.२ टक्के होता, आणि तो पैसा घेणाऱ्या राज्यांत २०.५ टक्क्यांसह महाराष्ट्र पहिला. या आकड्यांचा आपल्याला अभिमान वाटतो. त्याच पैशातून परत किती ऑपरेशनं झाली, याची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही.

सुशिक्षित परदेशस्थांना हा प्रश्न फक्त मजुरांचा वाटू शकतो. तसं नाही. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार आधी भरावा लागतो, फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड. तो जड जातो, पण एकदा भरला की सरकारी हॉस्पिटलात खड्याचं वय कोणी विचारत नाही, तिथल्या माणसासारखं रांगेत थांबायचं. अमेरिकेत नोकरीच्या विम्यात २०१४ पासून जुन्या आजाराची सबब सांगता येत नाही. तिथला त्रास वेगळा: सुरुवातीचे काही हजार डॉलर आपले, आणि एकाच ऑपरेशनची हॉस्पिटलची, सर्जनची, भूलतज्ज्ञाची, पॅथॉलॉजीची निरनिराळी बिलं. भूल देणारा आपल्या विम्याच्या यादीबाहेरचा निघाला म्हणून येणाऱ्या अवाच्या सवा बिलाला २०२२ पासून कायद्याने आवर घातला. पण नातवंडाच्या बारशाला पुण्याहून गेलेल्या आजी-आजोबांच्या प्रवासी विम्यात ते जुनं कलम अजून ठाण मांडून आहे. ज्याच्या हातात मताचा किंवा सौद्याचा जोर आहे त्याच्यापासून कलम दूर सरकतं, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्यापाशी जाऊन बसतं.

भारत सरकारची जबाबदारी नाही का, असंही विचारलं जाईल. आहे. दहावी न झालेल्या, परवानगी घेऊन आखातात जाणाऱ्या कामगाराला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. तिचा भर मृत्यू आणि अपंगत्व यांवर आहे; उपचारांसाठीची रक्कम आखातातल्या एका ऑपरेशनपुढे तोकडी पडते. ती वाढवायला हवी. तरीही कष्ट घेणाऱ्या देशाने आणि मालकाने आपला वाटा उचलण्याला ती पर्याय होऊ शकत नाही. आणि सगळ्यात आधी ज्यांचा विचार व्हावा, ती माणसं कामगारांच्या यादीत नसतातही. पित्ताचे खडे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतात, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर त्यांची शक्यता आणखी वाढते. दुबईच्या कायद्यात मालकावर सक्ती आहे ती नोकराच्या विम्याची. बायको-मुलांचा विमा त्यांना व्हिसावर आणणाऱ्याने काढायचा. साहजिकच घरातला हात आखडतो तेव्हा बायकोसाठी स्वस्तातली पॉलिसी घेतली जाते, सहा महिन्यांची अट त्या पॉलिसीबरोबर येऊ शकते, आणि बाळ तीन महिन्यांचं असताना तिला रात्री पहिली कळ येते. निदान तिच्या पॉलिसीतून ते कलम पहिल्या दिवसापासून निघावं, आणि लक्षणं कधीपासून हा प्रश्न डॉक्टरच्या खोलीतून विम्याच्या टेबलावर जाऊ नये.