लाहोरचा भोकाचा पैसा

मुंबईच्या कोटभागात रिझर्व्ह बँकेसमोर जुनी टांकसाळ आहे. बडोद्याहून गेलो की तेथे मी अंमळ थबकतो. माझ्या संग्रहातील १९४३ चा भोकाचा पैसा मात्र येथला नव्हे. त्यावरील ‘एल’ हे चिमुकले अक्षर लाहोरची खूण आहे. महायुद्धात धातूची चणचण भासू लागली, मोड मिळेनाशी झाली. तेव्हा सरकारने पैशाचे पोटच कापले (युक्ती नामी खरी!) आणि त्याच वर्षी लाहोरास नवी टांकसाळ सुरू केली. १९४७ च्या फाळणीत ती पाकिस्तानात गेली. ती पाहण्याची माझी इच्छा सरहद्दीपाशी अडते. आजीने हा पैसा माझ्या तान्ह्या वडिलांच्या करदोट्यात ओवला होता. लाहोर कोठे आहे, हे तिने कधी विचारलेही नसेल.