फँटम होता, वेताळ नव्हता

सुपरहिरोचा सिनेमा पडला की कारणं ठरलेली असतात. पटकथा पातळ होती, व्हिलन बावळट होता, इफेक्ट्स स्वस्तातले होते, नाहीतर हिरोला तो घट्ट सूट शोभत नव्हता. १९९६ साली आलेल्या 'द फँटम'बद्दल हे सगळं बोलून झालंय. माझी तक्रार जरा वेगळी आहे. त्या सिनेमात फँटम होता, वेताळ नव्हता.

ज्यांचं बालपण इंद्रजाल कॉमिक्सशिवाय गेलं (अरेरे!) त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ला फँटमची चित्रपट्टी सुरू केली. म्हणजे सुपरमॅनच्या दोन आणि बॅटमॅनच्या तीन वर्षं आधी. त्यामुळे "हा तर बॅटमॅनची कॉपी दिसतोय" म्हणणाऱ्या ऑफिसातल्या ज्युनियर मंडळींनी कृपया नोंद घ्यावी. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी मार्च १९६४मध्ये मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि पहिल्याच अंकात फँटम होता. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि आणखी काही भाषांत अंक निघायचे. १९९०मध्ये मालिका बंद पडली तोवर आठशेच्या वर अंक झाले होते.

संपादकांनी आपल्या वाचकांसाठी काही बारीक बदल केले होते. फँटमचा देश मूळ कथेत बेंगाला किंवा बेंगाली. ते बंगालसारखं वाटू नये म्हणून इथे 'डेंकाली' झालं. समुद्री चाच्यांची टोळी मूळची 'सिंग', ती 'सिंगा' झाली. विसाव्या फँटमला मारणारा चाचा मूळ कथेत 'रामा', आपल्याकडे तो 'रामालु'. आम्ही तारखेचा फॉरमॅट बदलतो, रुपयाचं चिन्ह टाकतो आणि लोकलायझेशन झालं म्हणून क्लायंटला मेल पाठवतो. खरं लोकलायझेशन ते हे!

पण सगळ्यात मोठा बदल नावाचा होता. मराठीत फँटमचा 'वेताळ' झाला.

हे नाव ज्याला सुचलं त्याने काय करून ठेवलं याची त्याला कल्पना होती की नाही कोण जाणे. इंग्रजीतला 'फँटम' म्हणजे नुसतं भूत, आभास. मराठीतला वेताळ मात्र आधीपासून इथलाच रहिवासी. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. विक्रमाच्या खांद्यावर तोच बसतो. गावोगावी शिवेवर शेंदूर फासलेला दगड असतो, कुठे म्हसोबा म्हणतात, कुठे वेताळ. तो भुतांचा राजा खरा, पण गावाची राखण करणारा. रात्री त्याची फेरी निघते. गोव्यात तर वेताळाला चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात, कारण रात्रभर गावाभोवती फिरून त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. आता ली फॉकच्या फँटमचं टोपणनाव काय, तर चालणारं भूत. न्यूयॉर्कला बसून लिहिणाऱ्या माणसाची कल्पना आणि आपल्या शिवेवरचा देव, दोघं एकमेकांना न ओळखता रात्री फिरत होते!

माझं गाव कारेगाव. पुणे-नगर रस्त्यावर, रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारचं. आज रांजणगाव एमआयडीसीमुळे तिथे शिफ्टच्या बसेस, भाड्याच्या खोल्या आणि संध्याकाळी मोबाइल रिचार्जच्या दुकानापुढे पाच भाषा ऐकू येतात. मी वाचायला शिकलो तेव्हा बाजरी होती, कांदा होता आणि थोरल्या काकांची पत्र्याची पेटी होती. काका शिरूरच्या एसटी स्टँडवरून कॉमिक्स आणायचे आणि त्या पेटीत अंकांच्या क्रमाने लावून ठेवायचे. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. पण वेताळाचं कितवं लग्न कुठल्या अंकात... सॉरी, कितव्या वेताळाचं लग्न कुठल्या अंकात, हे त्यांना तोंडपाठ.

कारण वेताळ एक नाही, एकवीस आहेत. इथेच सगळी गंमत आहे. चारशे वर्षांपूर्वी चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण डेंकालीच्या किनाऱ्याला लागतो, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. त्याच्यामागून त्याचा मुलगा, मग त्याचा मुलगा. वेष तोच, मुखवटा तोच, अंगठी तीच. जंगलाला वाटतं की हा मरतच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस एक, इम्प्लिमेंटेशन एकवीस. चारशे वर्षांत वीस वेळा सर्व्हर बदलला आणि डाऊनटाइम शून्य. कुठल्याही युजरला पत्ता नाही!

आणि या माणसाकडे शक्ती कुठली? एकही नाही. उडता येत नाही, गोळी लागली तर रक्त येतं. आहे ते एवढंच: तालीम केलेलं शरीर, दोन पिस्तुलं, घोडा, लांडगा आणि चारशे वर्षं पाळलेला शब्द. उजव्या हातातल्या कवटीच्या अंगठीचा ठसा गुंडाच्या जबड्यावर उमटतो तो जन्मभर जात नाही. दुसऱ्या हातातल्या अंगठीची खूण ज्याच्या दारावर, त्याला कुणी हात लावत नाही. ती खूण म्हणजे कुलूप नव्हे. तरी दार सुरक्षित, कारण ती खूण मोडणाऱ्याचं पुढे काय होतं हे जंगलात सगळ्यांना ठाऊक आहे.

आता सिनेमा. १९८९च्या 'बॅटमॅन'ने पैशांचा पाऊस पाडल्यावर हॉलिवूडवाल्यांनी आजोबांच्या काळातले सगळे नायक माळ्यावरून खाली काढले. 'डिक ट्रेसी' (१९९०), 'द रॉकेटियर' (१९९१), 'द शॅडो' (१९९४) आणि मग जून १९९६मध्ये पॅरामाउंटचा 'द फँटम'. दिग्दर्शक सायमन विन्सर ऑस्ट्रेलियन. ऑस्ट्रेलियात फँटमचं वेड आपल्यापेक्षाही जास्त, त्यामुळे माणूस योग्य होता. पटकथा जेफ्री बोमची, ज्याने इंडियाना जोन्सचा तिसरा भाग लिहिला होता. फँटम झाला बिली झेन, तोच तो, पुढच्याच वर्षी 'टायटॅनिक'मध्ये रोझचा होणारा नवरा म्हणून आपण सगळ्यांनी ज्याला शिव्या घातल्या. कॅथरीन झीटा-जोन्ससुद्धा आहे, वैमानिक टोळीची म्होरकी. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्च आणि अमेरिकेत कमाई पावणेदोन कोटींच्या आसपास. म्हणजे साफ आपटला.

मी तो पाहिला २००३च्या दिवाळीत, कारेगावात, काकांबरोबर. पुण्याहून भाड्याने व्हीसीडी आणली होती, दोन डिस्कवाली. पहिली डिस्क काकांनी मांडी घालून, एकदम सरळ बसून पाहिली. जांभळ्या वेषातला माणूस पांढऱ्या घोड्यावरून निघाला तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली. डिस्क बदलून दहा-पंधरा मिनिटं झाली आणि ते म्हणाले, "आरं, ह्यो फँटम हाय. वेताळ कुठंय?" मग उठून गोठ्याकडे गेले. मी एकट्याने शेवटपर्यंत पाहिला.

त्यांचा प्रश्न बरोबर होता. पण उत्तर शोधायला मला बरीच वर्षं लागली, कारण वरवर पाहिलं तर सिनेमा कॉमिक्सशी भलताच प्रामाणिक आहे. वेष बदलला नाही, जांभळा म्हणजे जांभळाच. कवटीची गुहा आहे, हिरो घोडा आहे, डायना आहे. गोष्ट १९३०च्या दशकातच ठेवलीये. झेन हिरोची चेष्टा करत नाही, मनापासून काम करतो. विमानातून थेट घोड्यावर उतरण्याचा प्रसंग तर आजही मजा आणतो. मग बिघडलं कुठे?

तीन ठिकाणी.

पहिलं म्हणजे अंगठी. सिनेमात जादूच्या तीन कवट्या आहेत, त्या एकत्र आल्या की अफाट शक्ती मिळते, आणि व्हिलन त्यांच्या मागे आहे. ठीक आहे. पण शेवटी कळतं की चौथीही एक कवटी आहे, ती म्हणजे फँटमच्या बोटातली अंगठी! तिच्यातूनही शक्तीचा झोत निघतो आणि व्हिलनचा निकाल लागतो. जी अंगठी चारशे वर्षं नुसती एक खूण होती, तिचं यांनी शस्त्र करून टाकलं. म्हणजे वेताळाला लोक घाबरायचे ते त्याच्या शब्दाला नाही, त्याच्याकडे भारी हार्डवेअर होतं म्हणून. एका झटक्यात एकवीस पिढ्यांची मेहनत रद्द.

दुसरं, बापाचं भूत. सिनेमात विसावा फँटम मेल्यानंतरही येऊन मुलाशी गप्पा मारतो, लग्नाचा सल्ला देतो. आता वेताळाच्या गोष्टीचं रहस्यच हे की भूत नाहीये. सगळं जंगल म्हणतं भूत आहे आणि फक्त आपल्याला, वाचकाला, माहीत असतं की तो हाडामांसाचा माणूस आहे. त्यात खरंखुरं भूत आणून बसवलं की राहिलं काय? बाप गेल्यावर मुलाकडे उरते ती गुहेतली बखर, प्रत्येक वेताळाने आपल्या हाताने लिहिलेली. रात्री दिवा लावून तो ती वाचतो. अडला तर विचारायला कुणी नाही, वाचायचं आणि आपलं आपण ठरवायचं. ज्याने दुसऱ्याने लिहिलेला, तो माणूस कंपनी सोडून गेल्यावरचा कोड सांभाळलाय त्याला हा एकटेपणा वेगळा सांगायला नको.

तिसरं, चेहरा. कॉमिक्समध्ये वाचकाला वेताळाचा चेहरा कधीच दिसत नाही. शहरात जाताना तो ओव्हरकोट, हॅट आणि काळा चष्मा घालून जातो. सिनेमात बिली झेन न्यूयॉर्कमध्ये उघड्या चेहऱ्याने छान हसत फिरतो. स्टार घेतलाय तर चेहरा दाखवणार, निर्मात्याचंही बरोबर आहे म्हणा. पण चेहरा दिसला की तो एक माणूस होतो, आणि वेताळ हा माणूस नाही, पद आहे.

काकांना हे सगळं असं मुद्देसूद सांगता आलं नसतं, पण त्यांना ते माझ्याआधी कळलं त्याला कारण आहे. एमआयडीसी नवीन आली तेव्हाच्या काळात आमच्याकडे रात्रीच्या चोऱ्या वाढल्या. गावातल्या माणसांनी गस्त सुरू केली. आळीपाळीने चार-चार जण, हातात काठी आणि बॅटरी, गळ्यात शिट्टी. चोर खरंच समोर आले असते तर या चौघांनी काय केलं असतं हा प्रश्नच होता, त्यातल्या एकाला तर रातांधळेपणा होता. पण काठी दगडावर आपटत, शिट्टी वाजवत ते रोज फिरायचे. पावसात, थंडीत, एकही रात्र न चुकवता. काका म्हणायचे, एक रात्र चुकली की संपलं, मग रोज फिरूनही उपयोग नाही. काही महिन्यांत आसपास बोलवा झाली की कारेगावात रात्रभर माणसं जागी असतात. माणसं चार, आणि तीही रोज वेगळी! इंद्रजालमध्ये आबिद सुरतींच्या बहादुरचं नागरिकांचं दल होतं, तशातलाच प्रकार. पण काकांच्या मते ते वेताळाचं काम होतं.

आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॅमेरा आहे. सोयीचा आहे, तक्रार नाही. काका गेले त्यालाही काही वर्षं झाली. पेटी माझ्याकडे, वाकडच्या फ्लॅटमध्ये.

आणि सुपरहिरोंचे सिनेमे आता दर दोन महिन्यांनी येतात. प्रत्येकात आकाशात एक झोत उघडतो आणि शहर कोसळतं. त्या मानाने १९९६चा फँटम साधाच वाटतो. पण चुकीची दिशा तीच: विश्वास दाखवता येत नाही, म्हणून मग झोत दाखवायचा.

दाखवता आला नसता असं मात्र मला वाटत नाही. दोन तासांच्या सिनेमात वेताळ वीस मिनिटंच दिसला पाहिजे. बाकी वेळ फक्त लोक. चहाच्या टपरीवर त्याच्याबद्दल बोलणारे, न मानणारे, आजोबांनी त्याला पाहिल्याचं शपथेवर सांगणारे. एक गुंड, जो हे ऐकून हसतो आणि रात्री दोनदा उठून दार लावलंय का बघतो. आणि शेवटी गुहेत एक म्हातारा होत चाललेला माणूस, बखरीत त्या दिवसाची नोंद लिहितोय आणि शेजारी झोपलेल्या पोराकडे बघतोय, याला जमेल का म्हणून. इफेक्ट्सचा खर्च जवळपास नाही. डेंकालीचं जंगल परवडत नसेल तर शूटिंग शिरूर तालुक्यातही चालेल, शिवेवरचे दगड आहेत तसेच आहेत.