पट्टा कशासाठी?

लीगसी सिस्टिम म्हटलं की आम्हा आयटीवाल्यांच्या कपाळावर आठ्या येतात. जुना कोड, लिहिणारा कधीच सोडून गेलेला, आणि हात लावायची कोणाची हिंमत नाही. पण मंडळी, मला भेटलेली सगळ्यात भारी लीगसी ऑफिसात नाही, इथे ओहायोत शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये आहे. पितळेची, बोटभर लांब.

आजोबांकडे त्यांच्या वडिलांची विंचेस्टर मॉडेल ७० रायफल आहे, .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम काडतुसाची. काडतूस १९२५ सालचं, लंडनच्या बंदूकवाल्यांचं. १९३५ साली ओहायोतल्याच कॅम्प पेरीला बेन कम्फर्टने ते वापरून हजार यार्डांची विम्बल्डन कप स्पर्धा जिंकली आणि ते गाजलं. मग १९६३ मध्ये विंचेस्टरने स्वतःचं आखूड .३०० मॅग्नम आणलं. जुन्याचे दिवस भरले. आता ते दुकानात क्वचित दिसतं आणि महाग पडतं. म्हणून आजोबा शनिवारी हँडलोडिंग करतात. म्हणजे वापरलेली पुंगळी प्रेसमध्ये घालून मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, पावडर तोलून भरायची आणि वर गोळी.

या पुंगळीच्या बुडाशी एक पट्टा असतो. बऱ्याच जणांना वाटतं तो मजबुतीसाठी आहे. तसं नाही. त्या काळची ब्रिटिश पावडर कॉर्डाइट, शेवयांसारख्या लांब काड्यांची. त्यासाठी पुंगळी लांब, निमुळती, खांदे अगदी उतरते. अशा खांद्यांवर काडतूस चेंबरमध्ये नेमकं अडणार कसं? म्हणून पट्टा.

गंमत पुढे आहे. १९६२ चं ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम आणि १९६३ चं .३०० विंचेस्टर, दोघांचे खांदे चांगले उभे. पट्ट्याची गरजच नव्हती. तरी तो राहिला, कारण मॅग्नम म्हणजे पट्टा हे डोक्यात बसलेलं. कॉपी-पेस्ट हो, दुसरं काय! १९९९ च्या .३०० रेमिंग्टन अल्ट्रा मॅगमध्ये मात्र तो नाही.

आणि हाच पट्टा हँडलोडिंग करणाऱ्याला गोत्यात आणतो. गोळी झाडली की पुंगळी फुगून चेंबरभर होते, खांदा पुढे सरकतो. डायने तो दरवेळी पार मागे रेटला, तर दरवेळी पितळ पुन्हा ताणलं जातं आणि पट्ट्याच्या जरा पुढे आतून पातळ होतं. एक दिवस पुंगळी तिथेच तुटते आणि तापलेला वायू मागे, झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. म्हणून आजोबा खांदा जेमतेम ०.०५ मिलिमीटर मागे घेतात. अडवायचं काम मग खांदाच करतो, पट्टा नावापुरता. शिवाय टोक वाकवलेली तार आत घालून भिंत चाचपायची. तार खाचेत अडखळली की पुंगळी भंगारात. मागच्या शनिवारी वीसातल्या सात गेल्या. एवढं महाग पितळ, पण चेहऱ्यावर रेषा हलली नाही.

त्यांच्या वडिलांची वही कपाटात आहे. सुंदर अक्षर, पावडरीचे आकडे, तारखा. मी विचारलं, हेच आकडे का नाही वापरत? ते म्हणाले, तेव्हाची पावडर वेगळी, पितळ वेगळं. मी नव्या मॅन्युअलमधल्या कमीत कमी आकड्यापासून सुरू करतो. वही वाचायला आहे, भरायला नाही.

मला हे फार पटलं. वडिलांवर प्रेम आहे म्हणूनच तर रायफल चालू ठेवायची आहे. पण चालू ठेवायची तर त्यांचे आकडे पाळून भागत नाही, पुन्हा मोजावंच लागतं. यंदा नात ती रायफल घेऊन कोलोराडोला एल्कच्या शिकारीला जाणार आहे. बोल्टमागे डोळा तिचा असणार.

असो. सोमवारी मला एक बारा वर्षांचं मॉड्यूल उघडायचंय. आधी त्यातला पट्टा शोधतो, आणि तो कशासाठी होता तेही :)