उरलेल्या नऊ फायली

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. ही म्हण रूढ झाली त्या काळी घर उभे राहत असे ते दगडमातीवर, लाकडावर आणि आप्तेष्टांच्या मदतीच्या हातांवर. आजचे घर आधी कागदावर उभे राहते. पगाराचा दाखला, बँकेतील शिलकेचा उतारा, घराच्या मूल्यांकनाचा अहवाल आणि त्याखाली कुणा अनोळखी अधिकाऱ्याची सही, एवढ्या सामग्रीवर एखादे कुटुंब पुढील वीस-तीस वर्षे स्वतःला बांधून घेते. त्या जुन्या म्हणीला म्हणूनच तिसरे कलम जोडावेसे वाटते : कर्ज पाहावे फेडून.

हा विचार मनात घोळू लागला तो माझ्या धर्मग्रामातील एका तरुणामुळे. तो मुंबईतील एका कंपनीत रात्रपाळीला जातो आणि तेथे बसून अमेरिकेतील गृहकर्जांच्या फायली तपासतो. कर्ज देऊन झालेले असते, कर्जदार घरात राहायलाही गेलेला असतो. त्यानंतर काही आठवड्यांनी ती फाइल सातासमुद्रांपलीकडून ह्याच्या पडद्यावर येते. एका रविवारी मिस्सानंतर व्हरांड्यात बसून त्याने मला या कामाची रीत समजावून सांगितली. पुढे कुतूहलापोटी मी तेथील सरकारी तपासणीविषयी वाचत गेलो आणि त्या रूक्ष आकड्यांच्या रानात सेमिनरीत शिकलेल्या नीतिशास्त्राचा एक जुना धडा मला नव्याने भेटला.

महामंदीने अमेरिकेतील असंख्य कुटुंबे बेघर केली, त्या काळात, १९३४ साली, तेथे फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही सरकारी संस्था स्थापन झाली. १९६५ पासून ती गृहनिर्माण व नागरी विकास खात्याच्या छत्राखाली आहे. ही संस्था स्वतः कर्ज देत नाही. कर्ज बुडाले तर देणाऱ्याचे नुकसान भरून देण्याची हमी तेवढी ती देते. या हमीमुळे किमतीच्या अवघी ३.५ टक्के रक्कम गाठीशी असलेल्या कुटुंबालाही स्वतःच्या घराचे दार उघडू शकते. हेतू उदात्त आहे, यात शंका नाही.

मात्र प्रत्येक अर्ज सरकारने आधी तपासायचा म्हटले तर काम पुढे सरकणार कसे? म्हणून १९८३ पासून सरकारने विश्वासाचा मार्ग पत्करला. कर्जदाराची ऐपत पारखण्याचे काम, ज्याला त्या व्यवसायात अंडररायटिंग म्हणतात, ते कर्ज देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेनेच करावे आणि कर्ज नियमांत बसते अशी ग्वाही तिच्याच अधिकाऱ्याने सहीनिशी द्यावी, असे ठरले. मोहाचे बीज येथेच आहे. कर्ज मंजूर झाले की शुल्क मिळते ते संस्थेला आणि कर्ज बुडाले तर भरपाई करायची ती सरकारने. नफा एकाच्या पदरात आणि जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात असली की सही करणारा हात सैल सुटतो.

या मोहाला आवर घालण्यासाठी नियमांनी दोन पहारे बसवले. पहिला घरातला. प्रत्येक संस्थेने कर्जे मिळवणाऱ्या विभागापासून स्वतंत्र अशी माणसे नेमून आपल्याच फायलींची फेरतपासणी करायची. लहान संस्थांसाठी साधारण प्रमाण दहांतील एक. शिवाय पहिल्या सहा हप्त्यांतच जे कर्ज दोन महिने थकले त्याची फाइल तर उघडायचीच. दाखला देणाऱ्या मालकाला पुन्हा विचारायचे, बँकेतील शिल्लक पुन्हा ताडून पाहायची, घराच्या किमतीची पुन्हा शहानिशा करायची, आणि गंभीर दोष किंवा लबाडी आढळल्यास ती आपणहून सरकारला कळवायची. दुसरा पहारा बाहेरचा. खात्याचे तपासनीस आणि १९७८ च्या कायद्याने अधिकार मिळालेले महानिरीक्षकांचे कार्यालय केव्हाही येऊन दप्तर मागू शकतात.

२०१० साली या महानिरीक्षकांनी ज्यांची कर्जे अधिक प्रमाणात बुडत होती अशा १५ संस्थांकडे मोर्चा वळवला. बुडालेल्या २८४ कर्जांच्या फायली पाहण्यात आल्या. त्यांतील १४० कर्जांना सरकारी हमी मिळायलाच नको होती, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे जवळजवळ निम्मी! घरांच्या बाजाराची पडझड झाली होती हे खरे, परंतु या १४० घरांचा पाया सहीच्या दिवशीच खचलेला होता. सन २०१३ मध्ये विम्याची गंगाजळी आटली आणि संस्थेच्या इतिहासात प्रथमच सरकारी तिजोरीतून १७० कोटी डॉलर घ्यावे लागले. पुढे २०१६ साली वेल्स फार्गो या बलाढ्य बँकेने अपात्र कर्जांना पात्र ठरवल्याचे मान्य करून १२० कोटी डॉलरची तडजोड केली. त्या खटल्यातील एक आरोप मला विशेष बोचला. बँकेच्या स्वतःच्या तपासनिसांना जे दोष आढळले होते, त्यांतील पुष्कळ सरकारला कळवण्यातच आले नव्हते, असा तो आरोप होता.

सदसद्विवेकबुद्धीची तपासणी आणि पापनिवेदन या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, असे आम्हांला सेमिनरीत शिकवले जाई. पहिल्या पायरीवर माणूस आपला दोष ओळखतो, दुसरीवर तो उच्चारतो. पहिली चढून दुसरीपाशी थांबणाऱ्याची अवस्था अज्ञानी माणसापेक्षा बिकट असते, कारण त्याच्या हाती आता न पाहिल्याची सबबही उरत नाही. सरकारची खोटी मागणी करून फसवणूक करणाऱ्याकडून तिप्पट भरपाई वसूल करण्याची तरतूद अमेरिकेच्या कायद्यात आहे. तो कायदा लिंकन यांच्या कारकिर्दीत, १८६३ साली, प्रथम झाला. लूककृत शुभवर्तमानातील यरीहोचा जकातदार जक्कय याच्या दारी मात्र कोणी तपासनीस आला नव्हता. प्रभू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आला आणि त्याने आपणहून चौपट परत करण्याचे वचन दिले. कायद्याची तिप्पट आणि पश्चात्तापाची चौपट, यांतील अंतर केवळ एका पटीचे नाही.

त्या रविवारी तो तरुण एका फाइलीविषयी बोलला. नावगाव त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. कर्जदार एक स्त्री होती. दोन ठिकाणी काम करून ती घर चालवते, असे कागद सांगत होता. प्रत्यक्षात त्यांतील एक काम सहीच्या आधीच सुटले होते. मालकाला एक फोन केला असता तर ते कळले असते. चौथ्या हप्त्यापासून कर्ज थकले.

"फादर, मी त्या फाइलीवर गंभीर दोषाची खूण केली," तो म्हणाला, "पण तिचं घर तर जाणारच. मग माझ्या खुणेचा तिला उपयोग काय?"

मी काही वेळ गप्प राहिलो. खोटा दिलासा देणे मला प्रशस्त वाटले नाही. "तिला कदाचित काहीच नाही, बाळा," मी म्हणालो. "पण तिच्यामागून जी कोणी त्या टेबलासमोर येऊन बसेल, तिला होईल."

तो गेल्यावर मात्र माझ्या मनात राहिली ती सही करणारी व्यक्ती. त्या स्त्रीला 'आज नको, थोडे थांबा' असे कोणी म्हटले असते तर ती हिरमुसली असती, पण तिची साठवलेली पुंजी आणि पत वाचली असती. बुरूज बांधण्यापूर्वी खाली बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने सांगितले आहे. ज्याला तो अंदाज घेता येत नाही त्याच्यासाठी तो घेणे, हे पारख करणाऱ्याचे काम आहे. आपण नकाराला कठोर आणि होकाराला दयाळू मानतो. कितीदा तरी हे अगदी उलटे असते!

आम्ही धर्मगुरूही सह्या करणारी माणसे. विवाहापूर्वीच्या चौकशीच्या कागदावर आमची सही असते आणि बिशपस्वामी धर्मग्रामाच्या भेटीला येतात तेव्हा आमच्या नोंदवह्या पाहिल्या जातात. शाई, तारीख, साक्षीदार, सारे यथास्थित आहे की नाही, ते त्यांना दिसते. त्या मुलीला मी एकांतात तिची खरी इच्छा विचारली होती की घाईत रकाना भरला होता, हे कोणत्या नोंदवहीत दिसणार?

तपासणी हवीच. २०१० साली त्या फायली उघडल्या गेल्या नसत्या तर ती १४० कर्जे केवळ दुर्दैवाच्या खात्यावर जमा झाली असती. परंतु सर्वांत दक्ष तपासनिसाच्याही हाती दहांतील एखादीच फाइल लागते. बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकटाच आभार मानायला परतला, तेव्हा प्रभूने उरलेल्या नऊ जणांची विचारपूस केली होती. त्या उताऱ्यावर मी अनेकदा प्रवचन केले आहे. आता तो वाचताना मला त्या नऊ फायलीही आठवतात, ज्या कोणी कधीच उघडणार नाही. त्यांतील प्रत्येकीत कुणाचे तरी घर आहे, आणि त्या घरावर पहारा आहे तो एका सहीचा.