पोट बोलतंय का?

माझे बाबा वसईत टांगा हाकीत असत. स्टेशनवरच्या दुपारच्या खेपा आटोपून घरी आले की स्वतः पाणी पिण्याअगोदर ते घोडीचा तंग सैल करीत, तिच्या डाव्या कोपराच्या मागे तळहात ठेवून क्षणभर उभे राहत आणि मग तिच्या कुशीला कान लावीत. ‘पोट बोलतंय,’ असे स्वतःशीच म्हणून ते तोबरा आणावयास वळत. घोडीला ते ‘बाय’ म्हणत. मलाही तेच म्हणत. शाळेतल्या मैत्रिणी रस्त्याने जाताना दिसल्या की मी घरात पळून जाई. टांगेवाल्याची मुलगी म्हणवून घेण्याची मला लाज वाटे. आज हे लिहिताना त्या लाजेचीच लाज वाटते.

पुढे मी परिचारिका झाले आणि १९९३ साली अमेरिकेस आले. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी आमचे घर आहे. जवळच ऑबर्न नावाचे जुने गाव आहे. लांब पल्ल्याच्या घोडदौडीचे वेड जोपासणारे लोक ह्या गावाचे नाव आदराने घेतात. १९५५ साली वेंडेल रॉबी ह्या गृहस्थांनी काही सोबत्यांसह ताहो सरोवराच्या बाजूने निघून, डोंगर ओलांडून, एका दिवसात घोड्यावरून ऑबर्न गाठले. आजच्या घोड्यांत पूर्वीची ताकद उरली नाही असे म्हणणाऱ्यांना त्यांनी दिलेले ते उत्तर होते. ही दौड पुढे ‘टेव्हिस कप’ ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. अंतर १६० किलोमीटर, मुदत २४ तास. आणि निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच शेवटास पोहोचतात.

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे महालक्ष्मीचे रेसकोर्स येते. हा प्रकार अगदी निराळा. वाटेत ठरावीक टप्प्यांवर पशुवैद्य उभे असतात. घोड्याची नाडी ठरावीक आकड्याच्या खाली, बहुधा मिनिटाला ६० किंवा ६४ वर, अर्ध्या तासाच्या आत यावी लागते. मग ते हिरड्या दाबून पाहतात, कातडी चिमटीत धरून सोडतात, आतड्यांचा आवाज ऐकतात, घोड्याला दुडक्या चालीने पळवून तो लंगडतो का ते बघतात. ह्यात काही खटकले तर स्वार कितीही पुढे असो, त्याची दौड तेथेच संपते. माझ्या बाबांचे अंगणातले सारे विधी दुर्बिणीतून पाहावेत तसे मला त्या तपासणीच्या तळावर दिसले. मी तेथे प्रथम गेले होते ती केवळ एका सहकारिणीच्या घोड्याला पाणी पाजावयास. परतले ती घोडी घ्यायची असे ठरवूनच.

२०१० साली सहा वर्षांची एक अरबी घोडी मी विकत घेतली. रंग गडद तांबूस, कपाळावर चांदणी, स्वभाव हट्टी. कागदोपत्री तिचे नाव लांबलचक होते. मी तिला बाय म्हणू लागले.

पहिले वर्ष बहुतांशी कदम चालीचे. सकाळची पाळी नसेल त्या दिवशी अमेरिकन नदीच्या खोऱ्यात आठ-दहा किलोमीटर चढउतार करावयाचे, चढावर थोडी दुडकी, उतारावर मी खाली उतरून तिच्या बाजूने चालायचे. उन्हाळ्यात तेथे तांबडी धूळ नाकातोंडात जाते आणि पारा ३८ अंशांपर्यंत चढतो. दोरीला बांधलेला स्पंज चालत्या घोडीवरूनच ओढ्यात टाकून भिजवायचा आणि तिच्या मानेवर पिळायचा, ही कला मला महिन्याभराने साधली. तोवर दोन स्पंज नदीला अर्पण झाले होते. घोड्याच्या घामातून माणसाच्या घामापेक्षा अधिक क्षार जातात, म्हणून क्षारांचे मिश्रण पिचकारीने तिच्या तोंडात घालावे लागे. त्यातले निम्मे ती माझ्या सदऱ्यावर परत करी.

विश्रांतीत तिची नाडी ३६. चढ चढून आल्यावर ती दहा मिनिटांत साठीखाली येऊ लागली तेव्हा मी फुशारून गेले. नाडी मोजण्यात माझा जन्म गेला होता! परंतु खरा धोका येथेच असतो. हृदय आणि स्नायू काही महिन्यांत तयार होतात. हाडे आणि कंडरा कणखर व्हावयास वर्षे लागतात. घोडी दमत नाही म्हणून स्वार वेग वाढवतो, आणि जे अजून तयार झालेले नाही तेच तुटते. हे मला माहीत नव्हते असे नाही. पुस्तकात वाचले होते, दोघा-तिघांनी बजावलेही होते.

२०११ च्या ऑक्टोबरात, पहिल्या ४० किलोमीटरच्या दौडीला तीन आठवडे असताना, एका दगडाळ उतारावर बाय थांबली. मी टाच मारली. ती चार पावले गेली आणि पुन्हा थांबली. मला घरी जाऊन रात्रपाळीला निघायचे होते. खाली उतरून चालण्याइतका वेळ नव्हता. तिसऱ्यांदा मी लगामाचे टोक तिच्या खांद्यावर ओढले आणि ती दुडक्या चालीने उतरली. जुन्या करारातील बलामाने आपल्या गाढवीला तीनदाच मारले होते. त्याला निदान समोरचा देवदूत दिसत नव्हता. मला माझी घाई तेवढी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या पुढच्या उजव्या पायाची, गुडघ्याखालून मागच्या बाजूने जाणारी शीर सुजून गरम झाली होती. सोनोग्राफीत कंडरा फाटल्याचे दिसले. ‘वर्षभर स्वारी नाही,’ पशुवैद्य बाई म्हणाल्या. मग रोज गार पाण्याची धार आणि हातात दोर धरून चालणे. आधी दहा मिनिटे, मग पंधरा.

हे मी बाबांना फोनवर सांगितले. ते ८० च्या घरात होते. मला वाटले, रागावतील. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘बाय, आपली घोडी मी विकली ना, ती अशीच झाली होती. लग्नसराई होती. शीर गरम लागत होती हाताला, तरी जुंपली. एका दिवसात सात खेपा.’

ते १९८० साल होते. त्या जूनमध्ये मुंबईत माझे परिचारिकेचे शिक्षण सुरू झाले. फी कोठून आली हे मी तेव्हा विचारले नव्हते, घोडी कोठे गेली हेही नाही. फोनवरही मला काही बोलता आले नाही. बाबाच म्हणाले, ‘तुला तर घाई नाही ना आता? मग चालव तिला हळूहळू.’

मी चालवली. वर्ष दीड वर्ष त्यात गेले. २०१५ साली आम्ही ८० किलोमीटरची दौड बारा तासांच्या मुदतीत पुरी केली आणि शेवटून तिसऱ्या आलो; तो पट्टा घरात कोठेतरी आहे. पण मला सांगायचे आहे ते त्याअगोदरच्या वर्षाचे.

२०१४ च्या सप्टेंबरात त्याच दौडीत ५८ किलोमीटर झाले होते. शेवटच्या तळावर बायची नाडी वेळेत साठावर आली. वैद्याने तिला दुडक्या चालीने थोडे अंतर नेऊन परत आणावयास सांगितले आणि मिनिट पुरे होताच पुन्हा मोजली: ६८. लंगडत नव्हती. आतड्यांचा आवाज मात्र मंद होता. ‘मी अडवीत नाही,’ तो म्हणाला, ‘पण तुम्ही तिला रोज पाहता.’ २२ किलोमीटर उरले होते, हातात पाच तास होते. बाय गवताच्या पेंढीपुढे उभी होती आणि खात नव्हती. चार वर्षे ह्या एका दिवसासाठी गेली होती. मी तिच्या कुशीला कान लावला, दोन्ही बाजूंनी, आणि मग खोगीर उतरवले.

रात्री तळावर मी तिच्याजवळच खुर्ची टाकून बसले. अंगावर पांघरूण, समोर पाण्याची बादली. नऊच्या सुमारास ती पाणी प्याली. दहाला तिने गवताची एक काडी ओढली, मग दुसरी. मी पुन्हा कान लावला. आत दूरवर गाडी पुलावरून जावी तशी गुडगुड ऐकू आली.

वसईत तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. बाबांनी पहिल्या घंटेलाच फोन उचलला. कितवा नंबर आला, पुरी केली की नाही, काही विचारले नाही.

‘पोट बोलतंय का?’

‘बोलतंय, बाबा.’

‘मग बादली भरून ठेव तिच्यापुढे,’ ते म्हणाले, ‘आणि तूही दोन घास खा.’